नवतपा सोसणारी बाग

रेशीमबाग, मोतीबाग, तुळशीबाग, बेलबाग, महाराजबाग. नागपूरच्या वस्त्यांची ही नावं रोज हजारो लोकांच्या तोंडी असतात. ऑटोवाल्याला ‘रेशीमबाग’ म्हटलं तर तो मैदानाकडे नेतो. ‘मोतीबाग’ म्हटलं तर रेल्वेच्या वसाहतीकडे आणि छोट्या लाइनच्या संग्रहालयाकडे नेतो. महाराजबाग तेवढी अजून खरोखरची बाग राहिली आहे. बाकीच्या नावांतून बाग निघून गेली, नाव मागे राहिलं. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे या नावांपाशी मी नेहमी थांबते. तिथे कोणती झाडं होती, त्यांना पाणी कुठून येत होतं, उन्हाळ्यात ती कोण जगवत होतं, हे प्रश्न मला सुटत नाहीत.

निवृत्त झाल्यावर लोक माझ्याकडे कुंड्यांचे प्रश्न घेऊन येऊ लागले. त्यातला एक प्रश्न अलीकडे वारंवार येतो. कुणाची मुलगी मेलबर्नला असते, कुणाचा भाचा ऑकलंडला. ते फोटो पाठवतात. फुटपाथच्या कडेने कमरेइतक्या उंच दांड्या, प्रत्येक दांडीच्या टोकाला निळ्या फुलांचा मोठा गुच्छ. त्यातच एखादा फोटो काळपट जांभळ्या, जवळजवळ शाईच्या रंगाच्या गुच्छाचा असतो. हा अगापँथस. ‘‘मॅडम, हा काळा अगापँथस आपल्या नागपुरात येईल का?’’

याचं उत्तर हो किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही. ते या शहराच्या बागांच्या इतिहासात दडलेलं आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

नागपूर वसवलं देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने, अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी. त्याच्यानंतरच्या चांद सुलतानाच्या काळात जुम्मा तलाव झाला. पुढे त्यालाच शुक्रवारी तलाव म्हणू लागले आणि आज तो गांधीसागर आहे. 1743 मध्ये रघुजी भोसले इथे सत्तेवर आले आणि शहर वाढलं. भोसल्यांच्या नागपूरची रचना पाहिली की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. जिथे तलाव तिथे बाग. तेलंखेडीची बाग फुटाळ्याच्या तलावाला धरून आहे. सक्करदऱ्याला तलाव आणि बाग, सोनेगावला तलाव. महाराजबाग नाग नदीच्या काठाला. बाग हवी असेल तर आधी पाणी अडवायचं, मग झाड लावायचं, हा क्रम त्या काळच्या माणसांच्या हाडीमाशी भिनलेला होता. आज आपण उलट करतो. आधी रोप आणतो आणि मग पाण्याच्या टँकरला फोन लावतो.

त्या बागांत काय असेल, याचा अंदाज बांधायला फार कल्पना करावी लागत नाही. आंबा, फणस, जांभूळ, लिंबू, केळी. देवाला मोगरा, कण्हेर, झेंडू, शेवंती, तुळस. संत्र्याचं मूळही भोसल्यांच्याच बागेत सांगतात. त्यांनी ते औरंगाबादेहून आणलं, अशी या भागातली पक्की समजूत आहे. ही बाग मुख्यतः सावली, फळ आणि पूजा यांसाठी होती. लांबून येऊन फुलांचे रंग बघत फिरावं, हा तिचा हेतू नव्हता. विहिरीवर मोट, मोटेचं पाणी दांडातून वाफ्यात आणि वाफ्यातून आळ्यात. दांड बंद पडला की बाग गेली.

1817 च्या नोव्हेंबरात बर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई झाली आणि भोसल्यांचं राज्य नावापुरतं उरलं. तिसरे रघुजी 1853 च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले. पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केलं. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. दोनच वर्षांत संग्रहालय उभं राहिलं, तोच आपला अजब बंगला. 1867 मध्ये मुंबईहून रेल्वे आली, 1870 च्या सुमारास अंबाझरीचं पाणी शहरासाठी अडवलं गेलं. बर्डीच्या उत्तरेला आणि पश्चिमेला सिव्हिल लाइन्सचे बंगले उभे राहिले आणि त्यांच्याभोवती नागपूरने आधी कधी न पाहिलेली बाग आली.

या बंगल्यांच्या बागेबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण आपल्या आजच्या कुंड्या तिथूनच आल्या आहेत. रेल्वे झाल्यामुळे बियाणांची पाकिटं आणि रोपांच्या पेट्या मुंबई-कलकत्त्याहून काही दिवसांत पोचू लागल्या. कलकत्त्याला विल्यम केरी यांच्या पुढाकाराने 1820 मध्ये कृषी-उद्यान संस्था निघाली होती, मुंबईला त्यानंतर दहा वर्षांनी. बंगालमधले पाद्री फर्मिंजर यांचं हिंदुस्थानातल्या बागकामावरचं पुस्तक 1860 च्या दशकात आलं आणि पुढे त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पुण्याच्या गणेशखिंडीच्या बागेचे वुड्रो यांनीही असंच पुस्तक लिहिलं. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बायका अशी पुस्तकं पाहून माळ्याला कामं सांगत.

त्यांची बाग हिवाळ्याची होती. दसरा-दिवाळीच्या सुमारास बी टाकायचं, थंडीत रोपं वाफ्यात बसवायची आणि जानेवारी-फेब्रुवारीत फ्लॉक्स, पॅन्झी, पिटुनिया, स्वीट पी यांनी आवार भरून टाकायचं. लार्कस्परच्या गडद निळ्या तुऱ्यांची रांग मागे असायची. होळी झाली की हे सगळं वाळून जायचं, आणि कुणी त्याचं वाईट वाटून घेत नसे. याचं एक साधं कारण होतं. उन्हाळ्यात सरकारच नागपुरात नसे, ते पचमढीला जाई. कॅप्टन फोर्सिथ यांनी 1862 मध्ये तिथे बायसन लॉज बांधला. पुढे सातपुड्यातलं ते पठार, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, मध्य प्रांताचं उन्हाळी ठाणं झालं. माझे आजोबा सचिवालयात कारकून होते. आमच्या घरी त्यांच्या लोखंडी ट्रंका होत्या, आणि फायलींबरोबर त्या दरवर्षी डोंगरावर जात, असं आजी सांगायची. थंड देशातल्या फुलांवर ज्यांचा जीव होता, त्यांनी आपली नागपूरची बाग वैशाखात कधी पाहिलीच नाही, असं मला वाटतं. त्यांच्या आठवणीतली नागपूरची बाग कायम फेब्रुवारीतलीच राहिली असणार.

वैशाख पाहिला माळ्याने.

रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ 1916 मध्ये निघाला. त्यात माळ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यांच्याबरोबरच मरार यांचंही नाव आहे. भंडारा, गोंदिया, बालाघाटकडे भाजीपाला आणि फुलं पिकवणारे ते मरार. त्या प्रकरणात चालीरीती आहेत, देवदेवता आहेत. एप्रिल-मे-जूनमध्ये माळी नेमकं काय करायचा, ते मात्र कुणाच्या लेखणीतून उतरलं नाही. ते मला आमच्या गल्लीतल्या माळीकाकांकडून कळलं. त्यांचे वडील आणि आजोबा सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांवर कामाला होते.

काका सांगतात ती पद्धत अशी. होळीनंतर कुंड्या एकेक उचलून विहिरीजवळच्या मोठ्या झाडाखाली न्यायच्या. कडुलिंबाखाली नेलेलं बरं, कारण चैत्रात त्याला नवी पालवी येते आणि ऐन उन्हात सावली दाट असते. तिथे चर खणून त्यात नदीची वाळू भरायची आणि कुंड्या गळ्यापर्यंत वाळूत पुरायच्या. भिस्त्याने पखालीतून पाणी आणायचं ते कुंडीत कमी आणि वाळूत जास्त ओतायचं. ओली वाळू कुंडीचं अंग गार ठेवते, आणि मुळं कुंडीच्या अंगालाच चिकटून असतात. पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांची ताटी उभी करायची, कारण दुपारी तीननंतरचं ऊन सगळ्यांत जास्त जाळतं. मी ही पद्धत विद्यार्थ्यांना कितीतरी वर्षं शिकवली, पण तिच्यामागे नागपूरच्या उन्हाळ्याशी झुंजलेल्या पिढ्या आहेत, हे त्यांना सांगायचं राहून जाऊ नये म्हणून मी आता ते लिहिते आहे. झाड उन्हाने मरतं असं आपण म्हणतो. कुंडीतलं झाड बहुधा तापलेल्या मुळांनी मरतं.

नागपूरचं ऊन म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो आणि नऊ दिवसांचा नवतपा सुरू होतो. त्या दिवसांत रस्ते ओस पडतात आणि घराघरांत कूलर रात्रंदिवस घरघरतो. उलट 2018 च्या डिसेंबरअखेर हाच पारा 3.5 पर्यंत उतरला होता. वर्षभराचा पाऊस सरासरी अकराशे मिलिमीटरच्या वर, पण त्यातला बहुतेक मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंच. या आकड्यांतून जे झाड वर्षानुवर्षं पार पडेल, तेच नागपूरचं.

जमिनीचंही सांगितलं पाहिजे. बर्डीच्या टेकडीपासून पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण आहे, पूर्वेला जुने स्फटिकमय खडक. दख्खनची पूर्व कड इथेच संपते. 1845 मध्ये नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टाकळीजवळच्या थरांतून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे अवशेष गोळा केले आणि जगाच्या भूशास्त्रात नागपूरचं नाव नेलं. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ते नाल्याच्या पुरात वाहून गेले. त्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या ओळखीचं आहे, पण ते इतके चांगले निरीक्षक होते हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्या पाषाणाची झीज होऊन झालेली काळी माती कापसाला सोन्यासारखी आहे. कंदाला आणि मांसल मुळांना ती घातक ठरते. पावसात ती फुगून पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडून मुळं तोडते. म्हणून जुन्या माळ्यांनी कुंडीत निव्वळ काळी माती कधी भरली नाही. मुरूम, विटांचा चुरा, कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत हे त्यांचं मिश्रण.

महाराजबागेत 1894 मध्ये प्राणिसंग्रहालय झालं आणि शेजारच्या आवारात 1906 मध्ये कृषी महाविद्यालय उभं राहिलं. भोसल्यांची बाग आणि इंग्रजांचं शेतीशास्त्र असे एकाच कुंपणात नांदू लागले. 1969 मध्ये अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि ही सगळी जागा पुढे त्याच्याकडे आली. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी कलम बांधायला आणि डोळा भरायला इथल्याच माणसांकडून शिकून घेतलं. नागपूरच्या मध्यमवर्गाला कुंडीतल्या गुलाबाचं आणि शेवंतीचं वेड लागलं, त्याचं थोडं श्रेय मी या आवाराला देते. 1956 मध्ये नागपूरचं राजधानीपण गेलं. बंगल्यांतले साहेब त्याआधीच गेले होते. माळी राहिले आणि धरमपेठ, रामदासपेठेतल्या घरांच्या बागा त्यांच्या हातांनी फुलल्या. बंगल्यातून निघालेले कंद आणि फांद्या या घरांत पोचल्या, त्या विकत घेऊन नव्हे, तर हातोहात.

या हातोहात आलेल्या झाडांतलं एक माझ्या अंगणात आहे, आणि अगापँथसच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच्यापाशी आहे. ते म्हणजे मे फ्लॉवर. नागपुरातल्या जुन्या घरांत, पायऱ्यांच्या कडेला नाही तर तुळशीवृंदावनाशेजारी, हे तुम्ही नक्की पाहिलं असेल. अकरा महिने त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून गळून जातात आणि जमीन रिकामी दिसते. मग मेच्या मध्यावर, वळवाचा एखादा शिडकावा झाला की भेगाळलेल्या मातीतून एक जाड, ठिपक्यांचा देठ नाक वर काढतो. एका रात्रीत तो बोटभर वाढतो. टोकाला तपकिरी आवरणात दडलेली कळी असते. आवरण फाटलं की आत शंभराहून जास्त बारीक फुलं दाटीने बसलेली दिसतात. प्रत्येक फुलाचे पुंकेसर लाल सुयांसारखे बाहेर येतात, टोकावर पिवळे पराग. दोन दिवसांत मुठीएवढ्या कळीचा लहान मुलाच्या डोक्याएवढा लाल चेंडू होतो. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश तापमान असतं आणि हे फूल आठवडाभर उभं असतं. पावसाळाभर मग रुंद हिरवी पानं. कंद विषारी आहे, म्हणून गुरं तोंड लावत नाहीत, आणि लहान मुलांपासून तो जपावा लागतो.

हे मे फ्लॉवर आफ्रिकेचं. अगापँथसही आफ्रिकेचाच, आणि दोघं एकाच विस्तारित कुळातले, ज्यात आपली सुदर्शन आणि निशिगंधाशेजारी विकली जाणारी लाल लिलीही येते. मग एकाला नागपूर मानवलं आणि दुसऱ्याला का मानवत नाही? आफ्रिकेची झाडं इथे रुळत नाहीत असं तर मुळीच नाही. मादागास्करचा गुलमोहर ऐन मेमध्ये आपल्या रस्त्यांवर पेटलेला असतो. गोरखचिंच आणि पिचकारी आफ्रिकेतूनच आले. फरक आहे तो झाड वाईट दिवस कसे काढतं, यात. मे फ्लॉवर मातीखाली बंद कांद्यात झोपून राहतं. उन्हाळा डोक्यावरून निघून जातो आणि त्याला कळतही नाही. अगापँथसला कांदा नसतो. जमिनीलगत आडवा कंद आणि त्याला बोटाएवढी पांढरी, रसाळ मुळं असतात. ही मुळं वरच्या थरात पसरतात, आणि तोच थर आपल्याकडे मेमध्ये तव्यासारखा तापतो.

आता काळ्या रंगाकडे येऊ. अगापँथस मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1652 मध्ये केपला ठाणं वसवलं आणि तिथल्या कंदांच्या पेट्या युरोपला जाऊ लागल्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस हे फूल युरोपातल्या उद्यानांत पोचलं होतं. लिनियसने 1753 मध्ये त्याला सुदर्शनच्या जातीत घातलं होतं, पुढे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरिटिए यांनी वेगळं काढून आजचं नाव दिलं. खोसा लोकांत त्याच्या मुळांची माळ गर्भारपणात गळ्यात घालायची रीत होती. जगभरच्या बागांत जो फिका निळा अगापँथस दिसतो तो मुख्यतः केपच्या पूर्वेकडचा, सदाहरित. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात तो इतका माजला की तिथे काही भागांत त्याची तण म्हणून गणना होते.

काळपट जातींचं मूळ दुसरीकडे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्येला म्पुमलांगा प्रांतात ग्रासकोप नावाचं गाव आहे. तिथल्या उंच कड्यांवर, धुक्याच्या गवताळ रानात एक अगापँथस उगवतो. त्याची फुलं वर न पाहता खाली लोंबतात, नळीसारखी मिटलेली असतात आणि रंग गडद जांभळा, काळ्याकडे झुकणारा. तो हिवाळ्यात पानं टाकून झोपतो. त्याच्याच आसपासच्या झाडांमधून निवडलेल्या जातींना ग्रासकोप हे नाव चिकटलं आहे. ऑस्ट्रेलियात निघालेला ब्लॅक पँथा बाजारात ‘काळा’ म्हणून मिळतो. इंग्लंडमध्ये लुई पामर यांनी केपटाऊनच्या कर्स्टनबॉश उद्यानातून आलेल्या बियांपासून थंडीला टिकणाऱ्या जाती निवडल्या, त्यांनी हे फूल तिथल्या घरोघरी नेलं.

ग्रासकोपचं ऋतुमान आपल्याला ओळखीचं वाटावं असं आहे. तिथेही उन्हाळ्यात पाऊस, हिवाळा कोरडा. पाऊस आला की पान, पावसाच्या मध्यावर फूल, कोरड पडली की झोप. आपल्या मे फ्लॉवरसारखाच हा दिनक्रम. पण तिथला कोरडा काळ थंड आहे, रात्री दव गोठतं. आपल्या कोरड्या काळाचा अर्धा भाग थंड आणि अर्धा भट्टी. म्हणजे काळ्या अगापँथसला नागपूरचा आषाढ मानवेल, पौष मानवेल, पण चैत्र-वैशाखात त्याला उचलून कुठेतरी लपवावं लागेल. ही गोष्ट समजली की त्याची निगा कशी घ्यायची ते आपोआप ठरतं.

रंगाचीही एक गोष्ट आहे. गडद निळा आणि जांभळा रंग फुलात ज्या द्रव्यांनी येतो, ती उष्ण हवेत कमी तयार होतात. गुलाबवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. डिसेंबरात मखमलीसारखा काळसर लाल उमलणारा गुलाब मार्चमध्ये फिका पडतो आणि पाकळ्यांच्या कडा करपतात. म्हणून फोटोतला शाईसारखा रंग नागपुरात जसाच्या तसा मिळेल असं मी कुणाला सांगत नाही. ज्यांना गडद निळं फूल देवाला वाहायचं आहे, त्यांना आपली गोकर्ण आहे. कृष्णकमळही आहे. ते मुळात दक्षिण अमेरिकेचं, पण मधल्या केसरांत कौरव-पांडव पाहणाऱ्या आपल्या बायकांनी त्याला कधीच घरचं करून घेतलं.

तरीही काही जणांचा जीव अगापँथसवरच जडतो, आणि मी त्यांना अडवत नाही. माझ्याकडेही उटीच्या बाजूने आलेलं एक रोप आहे. माळीकाकांनी त्याच्याकडे बघून सांगितलं होतं, ‘‘बाई, हे झाड साहेबी आहे. याले थंडी पायजे. नवतपा याले दाखवू नका.’’ तेच मी पाळते.

रोप घेताना बी घेऊ नये. काळ्या जातीच्या बियांपासून काळंच फूल येईल याची खात्री नसते, आणि बी पेरल्यापासून फुलापर्यंत तीन-चार वर्षं जातात. आईपासून वेगळा केलेला फुटवा किंवा ऊतिसंवर्धनाचं रोपच घ्यावं. कुंडी मातीची, पसरट, तळाला मोठी छिद्रं. तळात विटांचे तुकडे, वर एक भाग मुरूम, एक भाग जाडी वाळू, एक भाग पानांचं खत आणि थोडीच काळी माती. मुळं कुंडीत दाटली की झाड फुलतं, म्हणून दरवर्षी कुंडी बदलायची घाई करायची नाही. मुळं मांसल असल्यामुळे ती तुटली की सडतात, तेव्हा बदलायचीच असेल तर पाऊस सुरू होताना बदलावी.

मृगाचा पाऊस आला की कुंडी उघड्यावर, पूर्वेच्या उन्हात ठेवा. पाणी साचत असेल तर कुंडीखाली विटा ठेवा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी राखेचं पाणी किंवा पालाश असलेलं खत द्या. नत्र जास्त झालं तर नुसती पानं माजतात. दिवाळीनंतर पाणी तोडत आणा. पानं टाकणारी जात असेल तर ती पिवळी पडतील, पडू द्या. पौषातली थंडी तिला मिळू द्या, कुंडी घराच्या आत आणू नका. पचमढीला जे आपोआप मिळतं ते नागपुरात याच सहा-आठ आठवड्यांत मिळवायचं असतं.

होळीनंतर खरं काम सुरू होतं. काकांच्या आजोबांची पद्धत इथे जशीच्या तशी लागू पडते. मोठ्या कुंडीत किंवा जुन्या टबात वाळू भरा, त्यात अगापँथसची कुंडी पुरा आणि वाळू ओली ठेवा. वर हिरवी जाळी, पश्चिमेकडून आडोसा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी कुंडी उत्तरेच्या गॅलरीत न्यावी. पुष्कळ लोक कूलरच्या टाकीतलं जुनं पाणी झाडांना घालतात. ते करू नका. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार तळाशी उरतात. आठवडाभर फिरलेलं ते पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं आणि मांसल मुळांना ते भाजतं. टाकीत रोज भरायचं ताजं पाणी आधी झाडाला द्या.

या काळजीने माझ्या कुंडीत पानं दरवर्षी जोमाने येतात. दांडी काही वर्षी येते, काही वर्षी येत नाही, आणि आली तरी तिचा निळा फोटोतल्यापेक्षा फिका असतो. ज्या वर्षी डिसेंबर कडक असतो त्याच्या पुढच्या पावसाळ्यात फूल येण्याची शक्यता जास्त, असं मला दिसलं आहे. ते काळ्या जातीच्या जन्मगावाशी जुळणारं आहे.

जमिनीत लावून पाहायचं असेल तर विदर्भात त्याला जागा एकच, चिखलदरा. मेळघाटच्या टोकावर अकराशे मीटरच्या वर, पावसाळ्यात दिवसेंदिवस धुकं, जिथे इंग्रजांच्या काळापासून कॉफी पिकते. ग्रासकोपच्या कड्याशी थोडंफार साम्य असलेली इथली तेवढीच जमीन. कॉफी तिथे टिकली, तर तिच्या सावलीच्या कडेला, उताराच्या मुरमाड जमिनीत काळा अगापँथस का टिकू नये? हे कुणीतरी नीट, नोंदी ठेवून करून पाहिलं पाहिजे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी माझ्या कुंडीतला एक फुटवा वेगळा केला आणि चिखलदऱ्याच्या एका शाळेत दिला. तिथल्या बाईंनी तो मुलांकडून शाळेमागच्या उतारावर लावून घेतला. पानं किती आली, किती दिवस धुकं होतं, पाला कधी गळला, हे मुलं वहीत लिहितात आणि दर महिन्याला त्या पानाचा फोटो मला पाठवतात. डिसेंबरच्या पानावर ‘पाने पिवळी, मुळे घट्ट’ अशी नोंद आहे.